छत्तिसावा ते दुसरा: ब्रिटनच्या ऑलिम्पिक पदकांची उलटतपासणी

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधून ब्रिटनचे पथक एकच सुवर्णपदक घेऊन परतले. ते होते स्टीव्ह रेडग्रेव्ह आणि मॅथ्यू पिन्सेंट या वल्हेकऱ्यांच्या जोडीचे. पदकतालिकेत देश छत्तिसावा होता. वीस वर्षांनी, २०१६ च्या रिओमध्ये, त्याच देशाने २७ सुवर्णांसह ६७ पदके जिंकली आणि चीनला मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला.

या दोन टोकांना जोडणारी गोष्ट प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. १९९७ पासून तिच्यातला पैसा निवडक खेळाडूंच्या तयारीवर खर्च होऊ लागला. तीन वर्षांनी सिडनीत ११ सुवर्णे आली आणि देश एकदम दहावा झाला. पुढे आलेख चढतच गेला. क्रीडाधोरणाचा विषय निघाला की आपल्याकडेही हे उदाहरण दिले जाते: पैसा द्या, पदके येतील.

मला या गोष्टीतला क्रम खटकत होता. तीन वर्षांत ऑलिम्पिक विजेता घडत नाही. नौकानयनात किंवा ट्रॅक सायकलिंगमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात केलेला खेळाडू शिखरावर पोहोचायला आठ-दहा वर्षे घेतो. मग सिडनीची ११ सुवर्णे लॉटरीच्या खात्यावर किती मांडायची? ते पाहण्यासाठी मी दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटनचे सगळे ऑलिम्पिक आकडे एका तक्त्यात घेतले.

आधी आकडे साफ करणे

ऑलिम्पिकच्या इतिहासावर काम करणारे बहुतेक जण १८९६ ते २०१६ या काळाच्या एका मोठ्या फाइलपासून सुरुवात करतात. तिच्यात २,७१,११६ ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एक देश किंवा एक पदक नव्हे, तर एका खेळाडूचा एका स्पर्धेतला सहभाग. पिव्होट टेबल (स्प्रेडशीटमधला आपोआप बेरजा करणारा तक्ता) लावून पदकांची थेट बेरीज केली, तर रिओत ब्रिटनच्या महिला हॉकी संघाने जिंकलेले एक सुवर्ण सोळा वेळा मोजले जाते. त्यामुळे वर्ष, स्पर्धा आणि पदक हे तिन्ही रकाने जिथे सारखे आहेत तिथे एकच नोंद ठेवावी लागते. त्याच फाइलमध्ये १९४८ पर्यंतच्या कलास्पर्धाही आहेत. चित्रकला-शिल्पकलेची ती पदके वगळावी लागतात.

दुसरी अडचण अशी की पदकांचे आकडे स्थिर नसतात. २००८ चे बीजिंग ऑलिम्पिक संपले तेव्हा ब्रिटनची पदके ४७ होती. पुढे जुने नमुने पुन्हा तपासले गेले, उत्तेजके घेतलेले खेळाडू बाद झाले, आणि भालाफेक, हेप्टॅथलॉन व ४ बाय ४०० मीटरच्या दोन्ही रिले अशी चार कांस्ये ब्रिटनकडे आली. आज तो आकडा ५१ आहे. टोकियोत उलटे झाले. पुरुषांच्या ४ बाय १०० रिलेचे रौप्य काढून घेतले गेले आणि ६५ चे ६४ झाले. मी सगळीकडे सुधारित आकडे घेतले आहेत. जुन्या वर्तमानपत्रांतल्या आकड्यांशी फरक दिसला, तर कारण बहुधा हेच असेल.

क्रमांक बाजूला ठेवावा लागला

‘छत्तिसावा’ हा शब्दच या गोष्टीला वजन देतो. पण पदकतालिकेत आधी सुवर्णे मोजतात, ती समान असतील तर रौप्ये, मग कांस्ये. तालिकेच्या वरच्या टोकाला एक पायरी चढायला पाच-दहा सुवर्णे लागतात. खाली मात्र एक-दोन सुवर्णे असलेल्या देशांची इतकी दाटी असते की एका सुवर्णाने दहा-वीस जागा पुढे-मागे होतात. अटलांटात स्पेन ५ सुवर्णांसह तेरावा होता. ब्रिटनला आणखी चार सुवर्णे मिळाली असती, तर छत्तिसावरून तो तेराव्याच्या आसपास गेला असता. १९८८ आणि १९९२ मध्ये ब्रिटनची सुवर्णे पाच-पाचच होती आणि क्रमांक अनुक्रमे बारावा व तेरावा होता.

आपण हे नुकतेच अनुभवले आहे. टोकियोत भारताची पदके ७, त्यात नीरज चोप्राचे सुवर्ण, आणि क्रमांक ४८. पॅरिसमध्ये पदके ६, सुवर्ण नाही, आणि क्रमांक ७१. एक पदक कमी झाले आणि देश तेवीस जागा खाली गेला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे नेमबाजीतले कांस्य त्या सहांपैकीच एक होते. भारतीय खेळ तीन वर्षांत तेवीस पायऱ्या घसरला असे कोणी म्हणाले, तर ते चूक ठरेल. छत्तिसाव्या क्रमांकावरून ब्रिटनची क्रीडाव्यवस्था कोसळली होती असे ठरवणेही तितकेच चूक आहे.

म्हणून मी क्रमांकाऐवजी दोन मापे घेतली: उपलब्ध सुवर्णांतला ब्रिटनचा वाटा, आणि दर शंभर स्पर्धांमागे एकूण पदके. स्पर्धांच्या संख्येने भागणे आवश्यक होते, कारण १९४८ मध्ये पदकांच्या स्पर्धा १३६ होत्या आणि सिडनीत ३००.

मुख्य तपासणी

१९४८ ते १९९२ या बारा ऑलिम्पिकमध्ये मिळून ब्रिटनची सुवर्णे ४८ झाली. सरासरी प्रत्येक वेळी चार. या काळात एकूण २,२३२ स्पर्धा झाल्या, म्हणजे वाटा २.१५ टक्के. १९८० आणि १९८४ च्या बहिष्कारांमुळे आकडे फुगले असतील अशी मला शंका होती, म्हणून ती दोन वर्षे काढून पाहिली. वाटा २.१ टक्के आला. जवळपास अर्धे शतक ब्रिटन याच पातळीवर होता. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य जिंकले, तेव्हाही ब्रिटनच्या संपूर्ण पथकाचे सुवर्ण एकच होते. तेव्हा अटलांटासारखी वेळ त्यांच्यावर पूर्वीही आली होती.

हा जुना वाटा पुढे तसाच चालू राहिला असता तर प्रत्येक वेळी किती सुवर्णे अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात किती आली, ते असे:

| वर्ष | स्पर्धा | अपेक्षित सुवर्णे | प्रत्यक्ष सुवर्णे | एकूण पदके |
|---|---|---|---|---|
| १९९६ | २७१ | ५.८ | १ | १५ |
| २००० | ३०० | ६.५ | ११ | २८ |
| २००४ | ३०१ | ६.५ | ९ | ३० |
| २००८ | ३०२ | ६.५ | १९ | ५१ |
| २०१२ | ३०२ | ६.५ | २९ | ६५ |
| २०१६ | ३०६ | ६.६ | २७ | ६७ |
| २०२० | ३३९ | ७.३ | २२ | ६४ |
| २०२४ | ३२९ | ७.१ | १४ | ६५ |

पहिल्या दोन ओळी एकत्र वाचा. अटलांटा आणि सिडनी मिळून अपेक्षा १२.३ सुवर्णांची होती आणि प्रत्यक्षात आली १२. जुन्या सरासरीने चालणाऱ्या देशाला दोन ऑलिम्पिकमध्ये जेवढी मिळावीत जवळपास तेवढीच. फक्त ती १ आणि ११ अशी विभागली गेली. दोन्ही ठिकाणी ६ आली असती तर ‘लॉटरीचा चमत्कार’ हे शब्दही कोणी वापरले नसते.

असे विभाजन नुसत्या योगायोगाने होऊ शकते का? क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीसाठी प्वासाँ वितरण वापरतात. त्यानुसार ५.८ ची अपेक्षा असताना एक किंवा शून्य सुवर्ण येण्याची शक्यता सुमारे २ टक्के, आणि ६.५ ची अपेक्षा असताना अकरा किंवा जास्त येण्याची सुमारे ६ टक्के. दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत, पण अशक्य नाहीत. बीजिंगच्या १९ सुवर्णांची शक्यता मात्र वीस हजारांत एखादी इतकी कमी निघते. हे गणित प्रत्येक सुवर्ण स्वतंत्र घटना मानते आणि ते पूर्ण खरे नाही, कारण बीजिंगमध्ये ख्रिस हॉय या एकाच सायकलपटूने तीन सुवर्णे जिंकली. तरीही २००० आणि २००८ यांच्यातली दरी त्याने बुजत नाही.

अटलांटाच्या आकड्यांमागची माणसे पाहिली की हेच चित्र अधिक स्पष्ट होते. तिथे ब्रिटनची रौप्ये आठ होती. त्यातले एक जॉनथन एडवर्ड्सचे. तिहेरी उडीत १८.२९ मीटरचा जागतिक विक्रम त्याने वर्षभरापूर्वीच केला होता. अटलांटात तो १७.८८ मीटर उडाला, पण अमेरिकेच्या केनी हॅरिसनने १८.०९ मीटर उडी मारली. दुसरे रौप्य शिडाच्या होडीतल्या एकोणीस वर्षांच्या बेन एन्स्लीचे. चार वर्षांनी सिडनीत या दोघांनाही सुवर्ण मिळाले. लॉटरीच्या पैशाने त्यांना निर्धास्तपणे सराव करता आला असेल, आणि खेळाडूच्या आयुष्यात ही फार मोठी गोष्ट असते. पण हे खेळाडू अटलांटातही जागतिक दर्जाचेच होते. व्यवस्था मोडलेली होती म्हणून ते दुसरे आले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

एकूण पदकांचे माप तर याहून बोलके आहे. १९४८ ते १९९२ या काळात ब्रिटनला दर शंभर स्पर्धांमागे १०.८ पदके मिळत. अटलांटात हा आकडा ५.५ वर आला, सिडनीत ९.३, अथेन्समध्ये १०. लॉटरीच्या पैशानंतरच्या पहिल्या दोन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटन आपल्याच जुन्या सरासरीच्या किंचित खाली होता. अटलांटाच्या खड्ड्यातून मोजले म्हणून ती सपाट जमीन चढ वाटली.

इथे माझ्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा एक मुद्दा आहे. सोव्हिएत संघ फुटला आणि पदके मिळवणारे देश वाढले. १९८८ मध्ये निदान एक पदक जिंकणारे देश ५२ होते, १९९६ मध्ये ७९. वाढलेल्या गर्दीत जुनी सरासरी टिकवणे हीसुद्धा प्रगतीच. हे मला मान्य आहे. सिडनीच्या यशात लॉटरीचा काहीच हात नव्हता असे माझे म्हणणे नाही. जेवढा हात सांगितला जातो तेवढा आकड्यांत दिसत नाही, एवढेच म्हणणे आहे.

अथेन्सच्या ९ सुवर्णांबद्दलही सावध राहायला हवे. पुरुषांच्या ४ बाय १०० रिलेत ब्रिटनची वेळ ३८.०७ सेकंद होती आणि अमेरिकेची ३८.०८. पिन्सेंटच्या चार जणांच्या नौकेने कॅनडाला ०.०८ सेकंदाने मागे टाकले. हे दोन निकाल उलटे लागले असते तर सुवर्णे सात झाली असती आणि अथेन्सला अधोगती म्हटले गेले असते.

खरी उडी कुठे पडली

तक्त्यातली तुटलेली जागा २००४ आणि २००८ यांच्यामध्ये आहे. दर शंभर स्पर्धांमागे १० वरून १६.९. मग मी हीच चार वर्षे क्रीडाप्रकारांनुसार उलगडली.

एकूण पदके ३० वरून ५१ झाली, म्हणजे २१ ने वाढली. त्यातली १० एकट्या सायकलिंगची: अथेन्समध्ये ४, बीजिंगमध्ये १४. सुवर्णे ९ वरून १९ झाली, दहाची वाढ. त्यातली सहा सायकलिंगची: २ वरून ८. एका खेळाने निम्मी वाढ आणली होती.

सायकलिंगमध्ये नेमके काय झाले हे फक्त पदकांच्या फाइलवरून कळत नाही. मँचेस्टरमध्ये १९९४ मध्येच बंदिस्त वेलोड्रोम (ट्रॅक सायकलिंगचे मैदान) उभे राहिले होते, लॉटरीचा पैसा येण्याआधी. १९९७ नंतर पीटर कीन या क्रीडाशास्त्रज्ञाने सगळी ताकद ट्रॅक सायकलिंगवर लावली. रस्त्यावरच्या शर्यतीत डावपेच, हवामान आणि नशीब यांना खूप वाव असतो. ट्रॅकवर घड्याळ आणि शरीर यांचे नाते जास्त थेट असते आणि सुधारणा मोजता येते. डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी तेच काम पुढे नेले. सिडनीत जेसन क्वीलीचे एक सुवर्ण, अथेन्समध्ये दोन, बीजिंगमध्ये ट्रॅकवरच्या दहापैकी सात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना घेऊन सुरू झालेल्या कामाला दहा वर्षे लागतात हा सुरुवातीचा अंदाज इथे जुळतो.

बीजिंगनंतर नियम बदलले. लंडनमध्ये ट्रॅकच्या प्रत्येक वैयक्तिक स्पर्धेत एका देशाचा एकच खेळाडू उतरवता येणार होता. बीजिंगमध्ये एकाच शर्यतीत सुवर्ण आणि रौप्य दोन्ही घेणारा ब्रिटन त्यामुळे अडचणीत येईल असे वाटले होते. पण लंडनमध्येही ट्रॅकवरची दहापैकी सात सुवर्णे ब्रिटननेच नेली. म्हणून बीजिंगचा आकडा एखाद्या असामान्य पिढीचा योगायोग होता असे मला वाटत नाही.

पैसा आणि यजमानपद

आता पैशाचे आकडे. ऑलिम्पिक खेळांच्या तयारीसाठी ‘यूके स्पोर्ट’ या संस्थेमार्फत सिडनीच्या आधी सुमारे ५.९ कोटी पौंड दिले गेले आणि अथेन्सच्या आधी सुमारे ७ कोटी. बीजिंगच्या आधी ते एकदम सुमारे २३.५ कोटींवर गेले. लंडनसाठी सुमारे २६.४ कोटी. पदकांची उडी जिथे पडली, पैशाची उडीही तिथेच आहे. १९९७ मध्ये पैसा सुरू झाला, पण तिपटीहून जास्त झाला तो २००५ नंतर.

कारण ६ जुलै २००५ रोजी लंडनला २०१२ चे यजमानपद मिळाले. घरच्या मैदानावर नाचक्की होऊ नये म्हणून २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने लॉटरीच्या जोडीला तिजोरीतूनही पैसा दिला. त्यामुळे ‘पैशाचा परिणाम’ आणि ‘यजमानपदाचा परिणाम’ ही दोन कारणे एकाच वेळी सुरू झाली. फक्त ब्रिटनचे आकडे घेऊन ती वेगळी करता येत नाहीत. कितीही किचकट सूत्र लावले तरी नाहीत, कारण एक कारण असताना दुसरे नसलेले वर्षच उपलब्ध नाही. या अभ्यासाची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे.

इतर यजमानांकडे पाहून थोडा अंदाज बांधता येतो. यजमानपद गेल्यावर पदके घटणे हा नेहमीचा अनुभव आहे. ग्रीसने अथेन्समध्ये १६ पदके जिंकली आणि चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याची ३ उरली. ब्रिटन मात्र लंडनच्या ६५ वरून रिओत ६७ वर गेला. लंडनमध्ये यजमान म्हणून त्यांचे ५४१ खेळाडू होते, रिओत ३६६. पथक एक तृतीयांशाने लहान आणि पदके दोनने जास्त. घरच्या प्रेक्षकांचा आणि यजमानाला आयत्या मिळणाऱ्या प्रवेशांचा वाटा काढून घेतल्यावरही काहीतरी भक्कम मागे उरले होते.

त्या भक्कमपणाची किंमतही लिहिली पाहिजे. पैसा देण्याचा निकष पदकाची शक्यता हा होता आणि तो कठोरपणे लावला गेला. लंडननंतर बास्केटबॉल, हँडबॉल, टेबल टेनिस आणि कुस्ती यांचा निधी पूर्ण थांबला. रिओत बॅडमिंटनने पुरुष दुहेरीचे कांस्य जिंकले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बॅडमिंटनचाही निधी बंद झाला. पदक जिंकून परतलेल्या खेळाडूंना काही महिन्यांत हे ऐकावे लागले. मला हा निर्णय क्रूर वाटतो. पदकतालिकेच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही, म्हणून तालिकेवरून धोरण ठरवणाऱ्यांनी तो शोधून वाचायला हवा. ज्या देशात मुले शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो आणि कुस्ती खेळतात, तिथे हे ब्रिटिश सूत्र जसेच्या तसे आणायचे म्हणजे कोणत्या खेळाचा निधी तोडायचा, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

पॅरिस: तोच आकडा, वेगळा क्रमांक

लंडन २०१२ मध्ये ६५ पदके आणि क्रमांक तिसरा. पॅरिस २०२४ मध्ये पुन्हा ६५ पदके आणि क्रमांक सातवा. फरक सुवर्णांचा: २९ आणि १४. पॅरिसमध्ये २२ रौप्ये आणि २९ कांस्ये होती. एकूण पदकांनी क्रम लावला तर पॅरिसमध्ये ब्रिटन अमेरिका आणि चीनच्या मागोमाग तिसरा येतो.

टोकियो ते पॅरिस सुवर्णे आठने घटली. सायकलिंगमध्ये ती ६ वरून २ झाली आणि जलतरणात ४ वरून १, म्हणजे सात इथेच गेली. मुष्टियुद्धात दोनाची शून्य झाली. उलट नौकानयन टोकियोत शून्यावर होते, ते तीनवर गेले. ज्या सायकलिंगने २००८ ची उडी घडवली, तिथेच आता इतर देशांनी अंतर भरून काढले आहे. पॅरिसमध्येही तिथे ११ पदके आली, पण सुवर्णे महिलांची सांघिक स्प्रिंट आणि टॉम पिडकॉकची माउंटन बाइक एवढीच. हा अटलांटासारखा एका वेळचा खड्डा आहे की उतार, हे एका ऑलिम्पिकवरून ठरवणे धाडसाचे होईल. सुवर्णांचा क्रम २९, २७, २२, १४ असा सलग उतरता आहे, त्यामुळे मला उताराची शक्यता जास्त वाटते.

तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया जवळचा आहे. तिथेही यजमानपद मिळाले, पैसा वाढला, आणि २००० मध्ये सिडनीत पदके ५८ झाली. त्यानंतर ५०, ४६, ३५, आणि सोळा वर्षांनी रिओत २९, म्हणजे बरोबर निम्मी. लंडननंतर सोळा वर्षे २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये पूर्ण होतील. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियाने चाळीस टक्के पदके गमावली होती. ब्रिटनने बारा वर्षांनी एकूण पदकांतले एकही गमावलेले नाही, सुवर्णे मात्र निम्म्याहून अधिक गमावली आहेत. तक्त्यातली पुढची ओळ मी रिकामी ठेवली आहे.